फक्त पक्षीच मोजले जातील

गुरुराज कट्टीला खोट्या कागदावर सही करता येत नाही. ही खोड त्याला लहानपणापासूनची. सातवीत मी वर्गाला पानांचा संग्रह करून आणायला सांगितला होता. सोलापुरात पानांपेक्षा धूळ सहज मिळते, त्यामुळं मुलांनी व्यवहार पाहिला. कुणी थोरल्या भावाची जुनी वही आणली, कुणी कोकणातल्या मावशीकडून पार्सल मागवलं. एकाच्या वहीत तर काजूचं पान होतं आणि खाली ‘शाळेच्या मागील बाजूस सापडले’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. गुरुराजच्या वहीत चार पानं होती. कडुनिंब, पिंपळ, सुबाभूळ आणि बोगनवेल.

“पंचवीस सांगितली होती ना रे?”

“सांगितली होती बाई. पण माझ्या रस्त्यात एवढीच झाडं आहेत की.”

अशा मुलाचं पुढं काय व्हायचं? तो प्राध्यापक झाला. म्हणजे त्याची आई प्रभाताई तसं सांगतात. कॉलेज म्हणतं, ‘तासिका तत्त्वावर’. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., सेटची परीक्षा पास, वय चौतीस, कपाळावर सकाळचं गोपीचंदन दुपारपर्यंत टिकून. जूनमध्ये त्याची नेमणूक होते आणि एप्रिल संपता संपता ती संपते. बेडूक उन्हाळ्यात मातीखाली जाऊन पडतो, त्याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात, हे मी त्याला आठवीत शिकवलं. आता तो ते स्वतः दरवर्षी करून दाखवतो.

आम्ही एकाच गल्लीत राहतो. रविवारी सकाळी तो पेपर घेऊन माझ्याकडं येतो, चहा पितो आणि आठवड्यात काय काय झालं ते कसलीही तक्रार न करता सांगतो. त्यामुळं ते ऐकायला जास्तच वाईट वाटतं.

गेल्या वर्षी डिसेंबरात तो आला तो तोंड उतरवूनच.

“बाई, मला इंटर्नशिपचा समन्वयक केलंय.”

“अभिनंदन,” मी म्हटलं. सवयीनं निघून गेलं.

झालं होतं असं, की बी.एस्सी.च्या मुलांनी पुस्तकाबाहेरचं जग बघावं, असं वर कुणाला तरी वाटलं. चांगलंच वाटलं. म्हणून नियम आला की शेवटच्या वर्षी प्रत्येकानं कुठल्या तरी संस्थेत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, संस्थेनं तसं प्रमाणपत्र द्यायचं, समन्वयकानं काम बघून सही करायची. सही नाही तर क्रेडिट नाही, आणि क्रेडिट नाही तर पदवी नाही. फक्त जीवशास्त्राच्या मुलांसाठी ते बाहेरचं जग सोलापुरात नेमकं कुठं ठेवलंय, हे नियमात लिहायचं राहून गेलं होतं.

हे काम गुरुराजकडं का आलं, तर त्यांच्या विभागात कायम प्राध्यापक तिघे. एकांची निवृत्ती जवळ आली आहे. दुसऱ्यांची पाठ दुखते. तिसरे विभागप्रमुख असल्यामुळं त्यांचं काही दुखावंही लागत नाही. उरला गुरुराज. प्राचार्य राजशेखर सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “कट्टी, तुम्ही तरुण आहात.” आमच्याकडं तरुण असणं ही पात्रता नसते, शिक्षा असते.

तो स्कूटर घेऊन शहरभर हिंडला. ज्या मुलांचे काका-मामा डॉक्टर होते त्यांची सोय आधीच झाली होती. अद्वैत नावाच्या मुलाला तर मामाच्या लॅबोरेटरीत स्वतःची खुर्ची मिळाली, आणि ती फिरती होती. प्रश्न उरलेल्यांचा होता. एका पॅथॉलॉजीवाल्यांनी गुरुराजला सांगितलं, “मुलगी असली तर पाठवा, फोन उचलायला बरी पडते.” एका रोपवाटिकेनं दोन मुलं मागितली; वनस्पतिशास्त्रातलं त्यांचं काम म्हणजे टेम्पोत कुंड्या चढवणं. एक रक्तदान शिबिर होतं, तिथं स्वयंसेवक हवे होते. गुरुराज मुलांना घेऊन गेला. मुलांनी दिवसभर बिस्किटं वाटली आणि संध्याकाळी पाहुण्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या. एक पक्षीप्रेमी मंडळही सापडलं. त्यांनी मुलांना टी-शर्ट दिले, हातात बॅनर दिला, तळ्याकाठी उभं करून फोटो काढला आणि टी-शर्ट परत घेतले.

पुण्याच्या एका मोठ्या संस्थेचा अर्ज त्यानं मला मोबाइलवर दाखवला. अनुभव मिळवण्यासाठी अर्ज करायचा, आणि अर्जात पहिलाच रकाना ‘पूर्वीचा अनुभव’.

“खोटं लिहायचं नसलं तर काय लिहायचं इथं?” त्यानं विचारलं.

“पत्ता लिही,” मी म्हटलं.

जानेवारीत वर्गातल्या मुलांनी स्वतःच उपाय शोधला. शोध लावला मल्लेशनं. मल्लेश पूर्व भागातला, बाप टॉवेलच्या कारखान्यात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि मोबाइलवर जगातल्या सगळ्या भाषा. त्याला एक ऑनलाइन संस्था सापडली. नाव नोंदवायचं, व्हिडिओ लावून ठेवायचा, शेवटी दहा प्रश्नांची टिकटिक करायची, की प्रमाणपत्र घरबसल्या मोबाइलवर. सोनेरी किनार, इंग्रजी सही आणि कोपऱ्यात तो काळापांढरा चौकोन, क्यूआर कोड. मल्लेशची इंटर्नशिप सागरी जीवशास्त्रातली होती.

“मल्लेश, समुद्र बघितलायस का?” गुरुराजनं भर वर्गात विचारलं.

“बघितलाय की सर.”

“कुठं?”

“इन्स्टावर.”

वर्ग हसला. आठवड्याभरात निम्म्या वर्गाची इंटर्नशिप समुद्रात झाली. कोरड्या सोलापुरातून एवढे सागरी शास्त्रज्ञ एका महिन्यात बाहेर पडले, याची नोंद कुठंतरी व्हायला हवी होती.

गुरुराजनं त्या प्रमाणपत्रांवर सही केली नाही. राजशेखर सरांनी त्याला बोलावून घेतलं.

“कट्टी, काय अडचण आहे?”

“सर, नियमात आहे, समन्वयकानं काम बघून सही करायची. मी बघितलेलं नाही.”

“मुलांनी तरी कुठं बघितलंय?” प्राचार्य हसले. त्यांना वाटलं गुरुराजही हसेल. तो हसला नाही. मग ते जरा कडक झाले. “ठीक आहे. त्यांच्यावर मी सही करतो. पण सहा मुलांनी तर तेही केलेलं नाही. त्यांना म्हणे तुम्ही खरं काम देणार आहात. एप्रिलअखेर समिती तपासायला येते. तोपर्यंत त्यांची इंटर्नशिप झाली नाही, तर त्या सहांच्या पदव्या अडकतील. आणि ते तुमच्या हट्टामुळं झालं, असं मला लिहावं लागेल. पुढच्या जूनचंही मग मला काही सांगता येणार नाही.”

सहा मुलं त्याच्या शब्दावर थांबली होती. त्यांचे मामा डॉक्टर नव्हते आणि त्यांना समुद्रही नको होता. दुसऱ्या दिवशी मल्लेश स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला.

“सर, मला पण खरं काम द्या. घरी आजीला सर्टिफिकेट दाखवलं. ती विचारायली, समुद्र खारट असतंय का रे, चाखलास का? काय सांगू?”

असे सात झाले.

वाट दाखवली संस्कृतीनं. ती त्या सातांतली, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावची, सोलापुरात वसतिगृहात राहणारी, बोलायला कमी. ती म्हणाली, “सर, आमच्याकडं थंडीपासनं उन्हाळ्यापर्यंत अग्निपंख येत्यात. चित्रबलाक, शेकाटे पण. भिगवणच्या बाजूला लोक बघाय जात्यात. आमच्या काठाला कुणी येत न्हाय. मोजले तर?”

पुस्तकातले रोहित पक्षी म्हणजे तिचे अग्निपंख. काठाच्या एका तुकड्यावर दर आठवड्याला कुठले पक्षी येतात, कुठं बसतात, काय खातात, पाणी उतरत जाईल तसे कसे सरकतात, हे नीट नोंदवलं तर चांगलं काम झालं असतं. संस्था कुठली, शिक्का कुणाचा, हे नंतर बघू असं गुरुराजनं ठरवलं. आधी जाऊन येऊ.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ते निघाले. जीपमध्ये एक जागा शिल्लक होती, म्हणून मीही गेले. आता त्या जीपबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. पांढरी बोलेरो. आधी ती कुठल्याशा सरकारी कार्यालयाला भाड्यानं होती. काचेवरची अक्षरं मालकानं खरवडली होती, पण उन्हात ‘शासन’ एवढं अजून लख्ख वाचता येत होतं.

सकाळी कुर्डुवाडी मागं टाकून आम्ही काठाला पोचलो. समोर लांबच लांब पाणी, मागं केळी आणि ऊस, आणि सगळा काठ मोटारींच्या घरघरीनं भरलेला. पाण्यात जागोजाग काळे पाइप उतरलेले. मुलं खाली उतरली. डोक्यावर टोप्या, गळ्यात दुर्बिणी, हातात पॅड लावलेले कागद. गुरुराजनं एका हातानं पाण्याकडं दाखवत दुसऱ्या हातानं काठाचे भाग पाडून दिले. “तू त्या बाभळीपासून या पाइपापर्यंत. तू या पाइपापासून त्या पाइपापर्यंत.”

उजनीच्या काठावर पांढऱ्या गाडीतून उतरून, दुर्बीण लावून, पाइपांकडं बोट करत कागदावर लिहिणारी माणसं आली, तर ती कोण असतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती पाटबंधाऱ्याची माणसं असतात, आणि ती मोटारी मोजायला येतात. त्या काठावर परवानगी कागदावर एका मोटारीची, पाण्यात तीन, असा सर्वसाधारण हिशेब असतो. त्यात या माणसांच्या बरोबर गावातली पोरगी, तीही पाणी वापर संस्थेचे चेअरमन आबासाहेब यांची सख्खी नात! म्हणजे चेअरमननंच गाव धरून दिलं, हे उघड होतं. चेअरमन बिचारे सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला दात काढायला गेले होते.

अर्ध्या तासात एकेक मोटार बंद पडत गेली. गावाकडून दोन ट्रॅक्टर आले आणि वर उसाचं पाचट झाकून काहीतरी जड, लोखंडी घेऊन गेले. पाइप पाण्यातून मागं सरकले, जणू त्यांना आम्ही दिसलो. आणि काठावर अशी शांतता पसरली, की लांब पाण्यात उभे असलेले अग्निपंख हळूहळू चालत अलीकडं येऊ लागले. गुलाबी रेघ जवळ येत येत तिचे पाय वेगळे दिसू लागले, मग माना, मग चिखलात उलटी बुडवलेली चोच. मुलं श्वास धरून उभी होती. मल्लेश एका पायावर उभा होता, दुसरा चिखलात चप्पल शोधत होता.

“बाई,” गुरुराज भारावून हळूच म्हणाला, “बघा, किती शांत गाव आहे. पक्ष्यांसाठी लोकांनी मोटारी बंद केल्या!”

मला तेव्हाच एक शंका आली होती, कारण कुणीतरी माझ्यासाठी बाभळीच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती, आणि ती आधी धुतली होती. खुर्चीमागोमाग शहाळं आलं. निवृत्त शिक्षिकेला धुतलेली खुर्ची कुणी देत नाही. मी थोरली साहेबीण आहे असा गावाचा समज होता. मी शहाळं प्यायले. ऊन फार होतं.

दुपारी आबासाहेब आले. मोटारसायकलवर मागं बसून, गालाला रुमाल बांधून, पांढऱ्या टोपीखाली घामानं निथळत. गावानं त्यांना वेशीवरच गाठून काय सुनावलं होतं कोण जाणे. त्यांच्यामागं सात-आठ माणसं आणि केळीचे चार घड.

“साहेब,” रुमालातून ते गुरुराजला म्हणाले, “आदी दोन घास खाऊन घ्या. मग काय लिवायचं ते लिवा. घड गाडीत ठिवतो.”

“अहो, कशाला!” गुरुराज हात जोडून म्हणाला. “आम्ही डबे आणलेत. तुमचं सहकार्य बघूनच पोट भरलं. आम्ही आता दर आठवड्याला येणार आहोत. एप्रिलपर्यंत.”

मागच्या माणसांतला एक जण मटकन बांधावर बसला.

“येप्रिलपतोर?” आबासाहेबांनी रुमाल सोडला. “साहेब, ऊस जळंल की. मिटवून घ्या की कायतरी.”

“काय मिटवायचं?”

हे असंच संध्याकाळपर्यंत चाललं असतं. पण मागून एक बाई डोक्यावर भाकऱ्यांची पाटी घेऊन आल्या. सोनाबाई, संस्कृतीची आजी. त्यांनी पाटी खाली ठेवली, नवऱ्याकडं बघितलं, घडांकडं बघितलं आणि पाचटाच्या ट्रॅक्टरकडं बघितलं.

“आवो, येड लागलं का गावाला? संस्कृतीचे मास्तर हायती. पाखरं मोजाय आल्यात. परवाच फोनवर म्हणली मला पोरगी.”

“मग सांगाया काय झालतं तुला?” आबासाहेब ओरडले, आणि लगेच गाल धरला.

“मला इचारलं कुनी?”

मग आबासाहेबांनी नातीला जवळ बोलावलं.

“पाखरं मोजून सरकार काय करतंय गं?”

“सरकार न्हाय आबा, कालेज.”

“बरं, कालेज काय करतंय?”

संस्कृतीनं गुरुराजकडं बघितलं. गुरुराजनं माझ्याकडं बघितलं. शेवटी त्यानं खरं ते सांगितलं, त्याला दुसरं येत नाही. “कॉलेज काही करत नाही. पण ही मुलं जीवशास्त्र शिकलीत आणि त्यांनी अजून जिवंत काही नीट बघितलेलं नाही. ती बघतील. दरवर्षी कुणी असं लिहून ठेवलं, तर पाखरं कमी होतात का, कशानं होतात, ते कळेल. आणि मला एका संस्थेचा शिक्का हवाय. तो नसला तर या सातांच्या पदव्या राहतील.”

“शिक्का हाय की आमच्याकडं,” आबासाहेब म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी पाणी वापर संस्थेचा शिक्का चांगल्या कामाला मागत होतं. “देतो. पन दोन अटी. मोटारीची थ्री फेज लाइट दिवसा आसली की आमी मोटारी चालवनार, तवा तुमी येऊ नका. रातच्या पाळीचा आठवडा आसला की दिवसभर काठ तुमचा. आन दुसरी...” त्यांनी मागच्या माणसांकडं बघितलं. “मोटारी मोजायच्या न्हाईत.”

“आम्हाला मोटारींशी काय करायचंय?”

“त्ये लिवून द्या.”

असा तो करार झाला. सामंजस्य करार म्हणतात त्याला. मोठमोठी कॉलेजं परदेशी विद्यापीठांशी करतात. मी खुर्चीवर बसूनच तो लिहिला, कारण अक्षर माझं बरं. कलम चौथं असं: ‘विद्यार्थी फक्त पक्षीच मोजतील. पक्ष्यांखेरीज काठावरील अन्य कोणत्याही वस्तूची मोजणी, नोंद अथवा छायाचित्रण करणार नाहीत.’ आबासाहेबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मागच्यांनी मान डोलावल्यावरच शिक्का उमटला. केळीचे घड मात्र त्यांनी परत नेले. साहेब नसलेल्या माणसाला दोन फण्या पुरतात.

नंतर दोन महिने आमच्या गल्लीत इंटर्नशिपचं वेळापत्रक शेतीच्या विजेवर ठरत होतं. वीज रात्रीची असली की पहाटे गुरुराज आणि मुलं कुर्डुवाडीची गाडी धरायची, तिथून वडापच्या जीपनं काठाला. पांढरी बोलेरो पुन्हा कुणी मागितली नाही. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन जायची आणि पायाला सुकलेला चिखल घेऊन यायची. रविवारी गुरुराज माझ्याकडं यायचा तेव्हा आठवडाभरात झालेल्या गोष्टींऐवजी पक्ष्यांविषयी बोलायचा. संस्कृतीनं पाण्याची रेघ मागं हटते तशी शेकाट्यांची जागा कशी बदलते याचा नकाशा काढला होता. मल्लेश चिखलात पडला, मग पुन्हा पडला, मग त्यानं चिखलातल्या अळ्या बाटलीत भरून आणल्या आणि आजीला दाखवल्या. आजीनं बाटली घराबाहेर ठेवायला लावली, पण खारट आहे का असं विचारलं नाही.

एप्रिलमध्ये गुरुराजनं सगळं बांधून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवलं. राजशेखर सरांनी अहवाल उलटला, नकाशे बाजूला सारले आणि प्रमाणपत्र वर काढलं. पाणी वापर संस्थेच्या लेटरहेडवर जांभळा शिक्का, जरा तिरका.

“कट्टी, क्यूआर कोड कुठाय?”

“कसला?”

“समिती स्कॅन करून बघते. खरं-खोटं कळायला नको? त्या समुद्रवाल्यांचं बघा, प्रत्येकावर आहे.” त्यांनी एक सोनेरी कागद मोबाइलसमोर धरला. मोबाइल आनंदानं वाजला. “हे खरं. तुमचं काय, गावात कुणीही शिक्का मारून देईल.”

त्या रविवारी गुरुराजनं चहाला हात लावला नाही. “बाई, समुद्र न बघितलेली मुलं पास होतायत. चिखलात उभी राहिलेली नापास. आणि मीच त्यांना चिखलात नेलं.” त्याच्या जूनबद्दल तो एक शब्दही बोलला नाही.

दाराशी मल्लेश उभा होता. सरांना शोधत आला होता.

“सर, क्यूआर कोड तर आपण पण बनवतो की. फुकट बनतंय.”

“बनवशील. पण तो स्कॅन केल्यावर काय दिसणार?”

“आपण ठेवू ते.”

गुरुराजचा चेहरा सातवीतला झाला. “खोटं काही ठेवायचं नाही.”

“खोटं कशाला सर? आबांनाच ठेवू.”

समितीत तिघे होते. मी अर्थातच तिथं नव्हते. जे घडलं ते गुरुराजनं, मल्लेशनं आणि नंतर शिपायानं मला स्वतंत्रपणे सांगितलं, आणि तिघांचं सांगणं जुळलं. अध्यक्षांनी सोनेरी प्रमाणपत्रं भराभर स्कॅन केली, प्रत्येक वेळी मोबाइल वाजला, ते “छान, छान” म्हणत गेले. मग तिरका जांभळा शिक्का आला. त्याच्या कोपऱ्यात फेविकॉलनं चिकटवलेला एक चौकोन होता. मोबाइल वाजला आणि पडद्यावर आबासाहेब उभे राहिले. टोपी सरळ केलेली, मागं पाणी.

“मी आबासाहेब, पानी वापर संस्थेचा चेरमन. ही सात पोरं फेब्रुवारीपासनं हितं येत्यात. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. उनात हुबी राहत्यात, चिखलात हुबी राहत्यात. एक पडतंय लई, त्याचं नाव मल्लेश. पाखरं मोजली, लिवून घेतली, आमाला वाचून दावली. आमाला म्हाईत न्हवतं एवड्या जातीची पाखरं येत्यात आमच्याकडं. पोरं चांगली हायती. आन दुसरं काय मोजलं न्हाय त्यांनी...” एवढ्यात मागं घर्रर्र करून काहीतरी सुरू झालं. आबासाहेब वळून ओरडले, “आरं बंद कर की! शूटिंग चाललंय!”

व्हिडिओ संपला. अध्यक्षांनी चष्मा काढला.

“मागं आवाज कसला?”

राजशेखर सरांनी गुरुराजकडं बघितलं. दाराबाहेर सात मुलं उभी होती. मल्लेश सांगतो, त्या क्षणी त्याला वाटलं की आता आबांच्या मोटारी तरी जातात नाहीतर आपल्या पदव्या तरी, कारण कट्टी सरांना खोटं बोलता येत नाही हे सगळ्या वर्गाला माहीत होतं.

“मोटारीचा, सर,” गुरुराज म्हणाला.

“किती मोटारी आहेत तिथं?”

“माहीत नाही, सर. मोजल्या नाहीत.” त्यानं कराराचं पान उघडून पुढं सरकवलं. “चौथं कलम.”

अध्यक्षांनी ते वाचलं. परत वाचलं. त्यांचं गावही कुठल्याशा धरणाच्या काठचं असावं, असा माझा अंदाज आहे, कारण ते फार वेळ गंभीर राहू शकले नाहीत. मग त्यांनी पहिल्यांदाच अहवाल उघडला. संस्कृतीला आत बोलावून शेकाट्यांबद्दल विचारलं. ती बोलायला कमी, पण त्या दिवशी थांबेचना. मल्लेशला त्यांनी चिखलातल्या अळ्यांबद्दल विचारलं, आणि जाता जाता सोनेरी गठ्ठ्यातला एक कागद उचलून सहज विचारलं, “यातल्या कुणाला बोलावता का? समुद्राबद्दल दोन प्रश्न विचारावेत म्हणतो.”

राजशेखर सर म्हणाले की मुलं परीक्षेच्या तयारीत आहेत. ते खरंच होतं म्हणा. मुलं नेहमी परीक्षेच्या तयारीतच असतात. समुद्रही पास झाला. एवढ्या मोठ्या गोष्टीला कोण नापास करणार?

गुरुराजनं सात प्रमाणपत्रांवर सात सह्या केल्या. शिपाई सांगत होता, प्रत्येक सहीनंतर ते थांबून बघायचे, वाळली का.

त्याच दिवशी प्राचार्यांनी त्याला पुन्हा बोलावलं आणि पुन्हा खांद्यावर हात ठेवला. जूनमध्ये तास मिळतील, म्हणाले, आणि समन्वयकही तुम्हीच. समितीला तो उपक्रम फार आवडला होता, अहवालात दोन ओळी आल्या होत्या, तेव्हा पुढच्या वर्षी सगळ्या चाळीस मुलांना तिकडंच पाठवायचं ठरलं होतं. बस कॉलेजची, बॅनर कॉलेजचा, फोटोला स्वतः प्राचार्य.

गुरुराजनं माझ्यासमोरच आबासाहेबांना फोन लावला. मोबाइल मोठ्या आवाजावर ठेवला होता. पलीकडं मोटारींची घरघर अशी चालली होती, की आबासाहेबांना प्रत्येक वाक्य ओरडून बोलावं लागत होतं.

“चाळीस?” ते ओरडले. “येऊ द्या की, आमची काय ना न्हाय. पन मास्तर, चाळीस पोरं, बस आन बॅनर उतरल्यावर पाखरांनी कुटं बसायचं, त्येबी करारात लिवा!”